कन्सोल आपला, कुलूप कंपनीचे

सोनीचा पहिला प्लेस्टेशन डिसेंबर १९९४ मध्ये जपानच्या बाजारात आला. त्याच्या प्रत्येक अस्सल सीडीवर, आतल्या कडेजवळच्या पट्ट्यात, डोळ्यांना न दिसणारी एक खूण असे. त्या पट्ट्यातला माग सरळ न जाता ठरलेल्या तालात किंचित डुलत जाई आणि त्या डुलण्यात चार अक्षरे दडलेली असत. जपानच्या सीडीवर ‘एससीईआय’, अमेरिकेच्या सीडीवर ‘एससीईए’, युरोपच्या सीडीवर ‘एससीईई’. घरच्या सीडी रायटरला खेळाची सगळी माहिती उतरवता येई, पण हा डुलता माग काही उमटवता येत नसे. कन्सोल सुरू होताच आधी ही अक्षरे शोधी. ती सापडली नाहीत, किंवा दुसऱ्याच प्रदेशाची सापडली, की खेळ सुरू होत नसे.

मॉडचिप हा या कुलपावरचा तोडगा. आठ पायांचा एक स्वस्त मायक्रोकंट्रोलर घ्यायचा, त्यात छोटासा प्रोग्रॅम भरायचा आणि मदरबोर्डवर ठरावीक ठिकाणी बारीक तारा सोल्डर करायच्या. मग सीडी कुठलीही घाला, चिप योग्य वेळी ती चार अक्षरे कन्सोलला पुरवत राहते. प्लेस्टेशन २ आला तोवर अशा चिपांच्या कितीतरी जाती निघाल्या होत्या आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘चिप लावून मिळेल का?’ हा रोजचा प्रश्न झाला होता. चिप लावल्यावर तीन गोष्टी होत. फुटपाथवरची नकली डिस्क चालू लागे. अमेरिकेतल्या मामाने पैसे मोजून आणलेली अस्सल डिस्कही चालू लागे. आणि एखाद्या हौशी प्रोग्रॅमरने घरी बसून लिहिलेला खेळही चालू लागे. यातली पहिली गोष्ट चोरी आहे, उरलेल्या दोन नाहीत. पण तिन्हींना अडवणारे कुलूप एकच, आणि तिन्हींना वाट देणारी चिपही एकच.

कन्सोलमध्ये फेरफार करण्याबद्दलचा सगळा कायदेशीर वाद या गाठीपाशी सुरू होतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत निरनिराळ्या देशांनी ती आपापल्या परीने सोडवली किंवा आणखी आवळली. माझ्या दृष्टीने त्यांना लावायची कसोटी अशी : कायद्याने ‘कुलूप तोडले का?’ एवढ्यावरच थांबावे, की ‘ते तोडल्याने निर्मात्याचा कोणता हक्क बुडाला?’ हेही विचारावे? दुसरा प्रश्न विचारला गेला तिथे कॉपीराइट आपल्या जागी राहिला. तो विचारला गेला नाही तिथे कॉपीराइटच्या नावाखाली यंत्राच्या विक्रीवर, दुरुस्तीवर आणि प्रदेशवार किमतींवर कंपन्यांचा ताबा बसला.

कुलपांसाठी वेगळा कायदा नव्हता तेव्हा न्यायालयांना हा दुसरा प्रश्न विचारावाच लागे. १९९२ या एका वर्षात अमेरिकेत असे तीन निकाल लागले. निन्टेंडोच्या एनईएस कन्सोलमध्ये एक चिप आणि कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप असे. दोघींचा संवाद जुळला नाही तर कन्सोल स्वतःला पुन्हा पुन्हा रिसेट करत राही. हा संवाद उलगडण्यासाठी अटारीच्या वकिलांनी, खटला चालू असल्याचे खोटे सांगून, कॉपीराइट कार्यालयातून त्या प्रोग्रॅमची प्रतच काढून आणली. न्यायालयाने रिव्हर्स इंजिनिअरिंगला तत्त्वतः मोकळीक दिली, पण खोटेपणाने प्रत मिळवणाऱ्या अटारीला दारातच अडवले. दुसरा खटला सेगा विरुद्ध अ‍ॅकोलेड. सेगाच्या जेनेसिस कन्सोलची नवी आवृत्ती कार्ट्रिजमध्ये ठरावीक जागी ‘सेगा’ ही चार अक्षरे शोधत असे. ती सापडली की खेळ सुरू होई, पण पडद्यावर ‘सेगाच्या परवान्याने’ अशा अर्थाची ओळही झळके. अ‍ॅकोलेडने सेगाचे प्रोग्रॅम उकलून ही अक्षरे शोधली आणि स्वतःच्या खेळांत घातली. आपला खेळ दुसऱ्याच्या यंत्रावर चालवायला लागणारी माहिती मिळवण्याचा दुसरा मार्गच नसेल, तर त्यासाठी मधल्या टप्प्यावर केलेली नक्कल हा उचित वापर ठरतो, असे नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितले. त्या खोट्या ओळीचा दोषही न्यायालयाने सेगाच्याच माथी मारला.

तिसरा निकाल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गालूब कंपनीचे ‘गेम जिनी’ हे उपकरण कन्सोल आणि कार्ट्रिज यांच्यामध्ये बसे. खेळ चालू असताना एखादा आकडा मागितला गेला की ते मूळ आकडा अडवून त्याजागी दुसरा पुढे करी. तीन जीव असलेल्या खेळाडूला हवे तितके जीव मिळत, उडी लांब होई. कन्सोल बंद केला की सगळे पूर्ववत. हे आमच्या खेळाचे अनधिकृत रूपांतर आहे, असा निन्टेंडोचा दावा होता. खेळ विकत घेतलेल्या माणसाने घरी तो आपल्या नियमांनी खेळला म्हणून नवी कलाकृती जन्माला येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. सुरुवातीला मिळालेल्या मनाई हुकुमामुळे गालूबचा धंदा बुडाला होता. त्याची भरपाई म्हणून निन्टेंडोने ठेवलेली दीड कोटी डॉलरची हमी गालूबच्या पदरात पडली.

१९९६ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा कॉपीराइट करार झाला. निर्माते आपल्या हक्कांच्या रक्षणासाठी जे तांत्रिक उपाय वापरतात त्यांना पुरेसे कायदेशीर संरक्षण द्यावे, असे त्याचे अकरावे कलम सांगते. उपाय आणि हक्क यांची सांगड त्या वाक्यातच आहे. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात ही सांगड सैल झाली. त्याच्या कलम १२०१ प्रमाणे संरक्षित कलाकृतीकडे जाणारे कुलूप तोडणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे आणि ते तोडणारे साधन बनवणे व विकणे हा वेगळा गुन्हा. आत शिरून नक्कल केली की नाही, हा मुद्दा मागे पडला. तो पुढे आणण्याचा प्रयत्न काही न्यायालयांनी केला. गॅरेजच्या दाराच्या रिमोटवरून झालेल्या चेंबरलेन विरुद्ध स्कायलिंक खटल्यात फेडरल सर्किटने २००४ मध्ये हक्कभंगाशी संबंध दाखवण्याची अट घातली. २०१० मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळाच्या खटल्यात नवव्या सर्किटने ती अट नाकारली. म्हणजे एकाच देशात एकाच कलमाचे दोन अर्थ.

या कायद्यात एक झरोका ठेवला आहे. दर तीन वर्षांनी कॉपीराइट कार्यालय अर्ज मागवते आणि त्याच्या शिफारशीवरून काँग्रेसच्या ग्रंथालयाचा प्रमुख काही कामांना सूट देतो. २०१० मध्ये स्मार्टफोन ‘जेलब्रेक’ करायला, म्हणजे कुलूप उघडून स्वतःचे सॉफ्टवेअर चढवायला, अशी सूट मिळाली. २०१२ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने कन्सोलसाठी तीच मागितली, ती नाकारली गेली. कन्सोलचे कुलूप यंत्रातल्या प्रोग्रॅमबरोबर खेळांचेही रक्षण करते आणि ते उघडले की चोरीचा पूर लोटेल, हे त्यामागचे कारण. फोन आणि कन्सोल ही दोन्ही प्रोसेसर आणि मेमरी असलेली यंत्रेच आहेत. एकावर मालकाला स्वतःचे सॉफ्टवेअर चढवता यावे आणि दुसऱ्यावर नाही, हे मला पटत नाही. शिवाय सूट मिळाली तरी ती कुलूप उघडण्याच्या कृतीपुरती असते, साधन विकण्याला नसते. ज्याला स्वतः सोल्डरिंग आणि प्रोग्रॅमिंग येत नाही, त्याच्यासाठी ती कागदावरच राहते.

या कायद्याची झळ अभ्यासकांनाही बसली. २००२ मध्ये एमआयटीत शिकणाऱ्या अँड्र्यू हुआंग यांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्समधल्या दोन चिपांना जोडणाऱ्या तारांवर नजर ठेवली. कन्सोल सुरू होताना गुप्त किल्ली त्या तारांवरून उघडीच जात होती, ती त्यांनी टिपली. या शोधावरचे ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ हे पुस्तक छापायचे कबूल केलेल्या प्रकाशकाने कायद्याच्या धास्तीने अंग काढून घेतले. हुआंग यांनी आधी ते स्वतः विकले, पुढे नो स्टार्च प्रेसने काढले. कलम १२०१ अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर घाला घालते म्हणून त्यांनी २०१६ मध्ये सरकारविरुद्ध दावाही लावला. २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. आज घरोघरच्या टीव्हीवर चालणारे कोडी हे मीडिया सॉफ्टवेअर अशाच मोकळ्या केलेल्या एक्सबॉक्सवर जन्मले. त्याचे आधीचे नावच एक्सबॉक्स मीडिया सेंटर होते.

प्लेस्टेशन ३ ची गोष्ट उलट्या दिशेने गेली. २००६ मध्ये तो आला तेव्हा त्यावर लिनक्स बसवण्याची सोय सोनीनेच दिली होती. अमेरिकी हवाई दलाने सतराशेहून अधिक प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभारला, तो याच सोयीवर. १ एप्रिल २०१० च्या अपडेटमध्ये सोनीने ती काढून घेतली. अपडेट नाकारला तर ऑनलाइन खेळणे बंद, नवे खेळ बंद. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा एक गुण विक्रीनंतर काढून घेतला गेला. ग्राहकांनी लावलेला दावा मिटवायला सोनीला पुढे पैसे मोजावे लागले. त्याच डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत काही हॅकरांनी दाखवले की सोनीच्या डिजिटल सहीत दर वेळी नवा हवा असलेला आकडा दर वेळी तोच वापरला होता, त्यामुळे गुप्त किल्ली गणिताने काढता येते. जॉर्ज हॉट्झ यांनी जानेवारी २०११ मध्ये मूळ किल्लीच जाहीर केली. सोनीने त्यांना कोर्टात खेचले आणि तीन महिन्यांत तडजोड झाली. प्रश्नाचा निकाल लागलाच नाही.

अमेरिकेबाहेर सर्वांत चोख विचार ऑस्ट्रेलियात झाला. सिडनीतल्या एका विक्रेत्याने प्लेस्टेशनला मॉडचिप बसवून दिल्या म्हणून सोनीने दावा लावला. स्टीव्हन्स विरुद्ध सोनी या नावाने तो प्रसिद्ध आहे. २००२ मध्ये विक्रेता जिंकला, २००३ मध्ये अपिलात सोनी जिंकली आणि ६ ऑक्टोबर २००५ रोजी हायकोर्टाच्या सहाही न्यायमूर्तींनी विक्रेत्याच्या बाजूने कौल दिला. (तिथे हायकोर्ट हेच सर्वोच्च न्यायालय.) त्यांनी कुलूप प्रत्यक्षात काय करते ते पाहिले. त्या वेळच्या ऑस्ट्रेलियन कायद्याप्रमाणे हक्कभंग रोखणारा किंवा त्यात अडथळा आणणारा उपाय तेवढा संरक्षित होता. आता, सीडीची बेकायदा नक्कल कधी होते? संगणकावर ती दुसऱ्या सीडीवर उतरवली जाते तेव्हा. प्लेस्टेशन अक्षरे शोधतो तोवर हे सगळे होऊन गेलेले असते. कन्सोल नक्कल रोखत नाही, नक्कल खेळू देत नाही, आणि खेळणे हा कॉपीराइट मालकाकडे राखून ठेवलेला हक्क नाही. खेळताना प्रोग्रॅमचा थोडा भाग काही क्षण मेमरीत जातो ती नक्कलच, हा सोनीचा दुसरा मुद्दाही टिकला नाही. परदेशात रीतसर विकत घेतलेली डिस्कसुद्धा हेच कुलूप अडवते, याचीही न्यायमूर्तींनी दखल घेतली. सोनीची व्याख्या मानली असती तर संसदेने कधीच न दिलेला हक्क कंपनीला आपसूक मिळाला असता.

हा विजय फार टिकला नाही. २००४ मध्ये अमेरिकेशी झालेल्या मुक्त व्यापार करारात ऑस्ट्रेलियाने कायदा बदलण्याचे आधीच कबूल केले होते. १ जानेवारी २००७ पासून प्रवेश अडवणाऱ्या कुलपांनाही संरक्षण मिळाले. तरीही खटल्यात उमटलेली एक गोष्ट शाबूत राहिली : परदेशात घेतलेला अस्सल चित्रपट किंवा संगणकीय खेळ ऑस्ट्रेलियात चालू न देणारे प्रदेश-कुलूप संरक्षणाच्या व्याख्येतून वगळले गेले.

इंग्लंडमध्ये हाच मुद्दा दोन फौजदारी अपिलांत आला. २००८ च्या हिग्ज खटल्यात खेळताना नक्कल होते हे सरकार पक्षाने नीट मांडलेच नाही म्हणून शिक्षा रद्द झाली. पुढच्याच वर्षी गिलहॅम खटल्यात ते मांडले गेले. पडद्यावर उमटणारे खेळातल्या लारा क्रॉफ्ट या पात्राचे चित्र हीच एक नक्कल आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि शिक्षा कायम राहिली. हा युक्तिवाद मला ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. त्या न्यायाने टीव्ही लावणारा प्रत्येक जण नक्कल करतो. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये निन्टेंडो विरुद्ध पीसी बॉक्स या इटलीतून आलेल्या प्रकरणात मधली वाट काढली. कन्सोलमधले कुलूपही संरक्षित असू शकते, पण ते प्रमाणात हवे. कमी जाच करणारा उपाय शक्य होता का आणि लोक ही उपकरणे प्रत्यक्षात कशासाठी वापरतात, हे स्थानिक न्यायाधीशाने तपासावे. कसोटी उत्तम होती.

पुढे १७ ऑक्टोबर २०२४ रोजी याच न्यायालयाने सोनी विरुद्ध डेटेल खटल्यात गालूबच्या निकालाची आठवण व्हावी असा निकाल दिला. सोनीच्या पीएसपी कन्सोलवरच्या ‘मोटरस्टॉर्म’ शर्यतीत टर्बो मर्यादेबाहेर वापरू देणारे सॉफ्टवेअर प्रोग्रॅमला हात लावत नव्हते, मेमरीतले बदलते आकडे तेवढे बदलत होते. त्याने प्रोग्रॅमच्या कॉपीराइटचा भंग होत नाही, असे ठरले. जपानमध्ये मात्र सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००१ मध्ये ‘तोकिमेकी मेमोरियल’ या खेळाबाबत नेमके उलटे सांगितले होते. मेमरी कार्डावर आयते गुण भरून देणे म्हणजे कथेच्या अखंडतेला धक्का लावणे, असा तो निकाल.

इथे दुसरी बाजू प्रामाणिकपणे सांगायला हवी. बाजारात विकल्या गेलेल्या बहुतेक चिपा चोरीचे खेळ खेळण्यासाठीच घेतल्या गेल्या. आपल्या शहरांत मॉड केलेला कन्सोल घेणाऱ्यांना घरगुती प्रोग्रॅमिंगची हौस होती असे म्हणण्यात अर्थ नाही. अडीच-तीन हजारांची डिस्क परवडत नव्हती, हे साधे कारण. एखादा खेळ करायला शेकडो माणसांची काही वर्षे जातात आणि विक्री बुडाली की नोकऱ्या जातात त्या त्यांच्या. काही टोळ्यांनी यावर मोठा धंदा केला. निन्टेंडो स्विचची साधने विकणाऱ्या टीम एक्झेक्युटरच्या एका सदस्याला सिॲटलच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची कैद दिली. कॅनडाच्या फेडरल कोर्टाने २०१७ मध्ये एका विक्रेत्या कंपनीवर सव्वा कोटी डॉलरहून अधिक भरपाई लादली. धंदेवाईक चोरीला शिक्षा झाली याचे मला दुःख नाही. पण कॅलिफोर्नियात घरी बसून एक्सबॉक्स ३६० मॉड करून देणाऱ्या विद्यार्थ्यावर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असे आरोप ठेवले गेले, तेव्हा कायद्याने चोर आणि संन्याशी यांतला फरकच सोडून दिला होता. डिसेंबर २०१० मध्ये सुनावणीच्या तिसऱ्या दिवशी सरकार पक्षाने तो खटला मागे घेतला.

गेल्या काही वर्षांत वादाचा भर दुरुस्तीकडे सरकला आहे आणि इथे कंपन्यांची बाजू सर्वांत लंगडी पडते. एक्सबॉक्स ३६० चा डिस्क ड्राइव्ह आणि मदरबोर्ड यांच्यात गुप्त किल्लीची जोडी असते. ड्राइव्ह बिघडला म्हणून दुसऱ्या तशाच कन्सोलमधला काढून बसवला तर बोर्ड त्याला ओळखत नाही. लेन्स चांगली, मोटर चांगली, डिस्क अस्सल, तरी खेळ चालत नाही. जुन्या ड्राइव्हची किल्ली नव्यात उतरवणे हा त्यावरचा उपाय, आणि अमेरिकेत तोच गुन्हा होता. २०२१ मध्ये कॉपीराइट कार्यालयाने ग्राहकोपयोगी यंत्रांच्या दुरुस्तीला मोकळी सूट दिली, कन्सोलला मात्र फक्त ऑप्टिकल ड्राइव्हपुरती, आणि दुरुस्तीनंतर कुलूप पुन्हा जागेवर बसवण्याच्या अटीवर. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा या राज्यांच्या दुरुस्ती-हक्क कायद्यांतूनही गेम कन्सोल वगळले गेले. बिघडलेला ड्राइव्ह बदलण्यात कुठल्याही खेळाच्या निर्मात्याचा एक पैसा बुडत नाही. बुडतो तो नवा कन्सोल विकण्याचा मोका.

जुन्या खेळांच्या जतनाचा प्रश्नही याच कुलपात अडकला आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणीनुसार २०१० पूर्वी अमेरिकेत आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात मिळत नव्हते. ग्रंथालयांना जतनासाठी कन्सोलचे कुलूप उघडण्याची सूट २०१५ पासून आहे, पण तो खेळ अभ्यासकाला ग्रंथालयात येऊनच पाहावा लागतो. घरून पाहू देण्याची मागणी ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली गेली.

भारताचा कायदा या सगळ्यात वेगळा उठून दिसतो आणि त्याची पुरेशी चर्चा आपल्याकडे होत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. परिणामकारक तांत्रिक उपाय मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण तो उपाय कायद्याने दिलेल्या हक्कांच्या रक्षणासाठी लावलेला असला पाहिजे आणि मोडणाऱ्याचा हेतू ते हक्क भंग करण्याचा असला पाहिजे. कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी कुलूप उघडायला हे कलम आड येत नाही, असे पुढच्या पोटकलमात स्पष्ट म्हटले आहे. साधने बनवण्या-विकण्यावर अमेरिकेसारखी वेगळी बंदीही नाही. याच्या जोडीला कलम ५२ वाचावे. रीतसर मिळवलेल्या संगणक प्रोग्रॅमची सुरक्षित प्रत ठेवणे, दुसऱ्या प्रोग्रॅमशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढणे, तो कसा चालतो याचे निरीक्षण करणे आणि बिगरव्यापारी खासगी वापरासाठी प्रत किंवा रूपांतर करणे, हे सगळे तिथे मोकळे ठेवले आहे. उलट, नकली आहे हे ठाऊक असूनही प्रोग्रॅम वापरणाऱ्याला कलम ६३-ब लागू होते. म्हणजे अमेरिकेतून आणलेली अस्सल डिस्क चालावी किंवा बिघडलेला ड्राइव्ह बदलावा म्हणून कन्सोल उघडणारा माणूस, माझ्या वाचनाप्रमाणे, गुन्हेगार नाही. फुटपाथवरचा खेळ चालावा म्हणून चिप बसवून घेणारा आहे.

या कलमात एक मेख आहे. दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवायची आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सोल्डरिंग करून पोट भरणाऱ्या कारागिराला ही अट ठाऊक असण्याची शक्यता फार कमी. उद्या छापा पडला तर अस्सल दुरुस्ती करणाऱ्याला स्वतःच्या बचावासाठी दाखवायला वही नसेल. दुकानदारांच्या संघटनांनी साध्या मराठीत एक पानाचा नमुना छापून वाटला तरी बरेच काम होईल : ग्राहकाचे नाव, यंत्राचा क्रमांक, काय बिघाड होता, काय केले, सही.

आणखी एका ठिकाणी सावध राहायला हवे. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला आणि त्यासाठी कलम ६५-अ बदलावे लागले नाही, कारण त्या करारालाही कुलपाची सांगड हक्काशीच हवी आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या न्यायमूर्तींनी जे राखले ते व्यापार कराराच्या टेबलावर गेले. आपल्याकडे अशा वाटाघाटी सतत चालू असतात, त्यांचे बौद्धिक संपदेचे प्रकरण शेवटच्या पानांत असते आणि वृत्तपत्रांत त्याला दोन ओळी मिळतात. त्या पानांत हेतूची अट काढण्याचे कलम येते का, हे ग्राहक संघटनांनी, दुरुस्ती करणाऱ्यांनी आणि इथल्या गेम स्टुडिओंनीही मसुदा हातात पडताच पाहावे.